लोणावळ्याला येताना झोपेची गोळी घरी ठेवू नका

कैवल्यधामात आठवडाभर राहायचं, प्राणायाम शिकायचा आणि झोपेची गोळी मुद्दाम घरीच विसरायची, असा बेत असेल तर थांबा. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात ही संस्था काढली, ती योग प्रयोगशाळेत पारखून घ्यायला. गोळीकडेही तसंच डोळसपणे बघू या.

झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही औषधं मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा जोर वाढवतात. रोज घेतली की काही आठवड्यांत मेंदू त्यांना सरावतो. मग ती एकदम बंद झाली की धडधड, थरथर, घाम, जागरण उसळून येतं. काहींना फिटही येते. घरच्यांना वाटतं जुना आजार परतला, पण पुष्कळदा हा गोळी एकदम थांबल्याचा त्रास असतो. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण 11 तासांत निम्मं होतं, क्लोनाझेपामला 30 ते 40 तास लागतात. म्हणून पहिलीचा त्रास एक-दोन दिवसांत जाणवतो, दुसरीचा उशिरा, अगदी शिबिराच्या मध्यावर.

तेव्हा बॅग भरताना गोळ्यांची पट्टी उजेडात धरा. मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि आकडा असतो. 0.25 आणि 0.5 यांत दुपटीचा फरक आहे. तो आकडा आणि किती महिने घेताय ते कागदावर लिहा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच. अल्प्राझोलाम 2014 पासून औषधांच्या एच-1 यादीत आहे, म्हणजे दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद करावी लागते.

गोळी सोडायची इच्छा चांगलीच आहे. पण त्यासाठी डॉक्टरांशी आधी बोला. दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कमी, अशी ती चाल असते. इतका बारीक हिशेब नखाने तुकडे पाडून जमत नाही, आणि ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी) असं लिहिलेली गोळी तर मोडायचीच नाही.

पावसाळी गारठ्यात दारूचा घोट गोळीबरोबर कधीही नको. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनचं खोकल्याचं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. श्वास मंदावतो, झोपेतच थांबू शकतो.

झोल्पिडेम ही झोपेची गोळी घेत असाल तर पुढे सात-आठ तासांची झोप हवी. सकाळी अंमल उरतो म्हणून अमेरिकेत 2013 साली बायकांसाठीचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला. रात्री उशिरा गोळी घेऊन पहाटे खंडाळ्याचा घाट उतरायला स्टिअरिंगवर बसू नका.

योगशिक्षकांना पहिल्याच दिवशी गोळीबद्दल सांगा. मन फार घाबरलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर मात्र थेट दवाखाना गाठा, आणि पट्टी बरोबर न्या.