श्वानांचे गोचीड-नियंत्रण आणि माशांची सुरक्षितता

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूचे सौम्य हवामान श्वानांना मानवते, तसेच ते त्यांच्या अंगावरील गोचिडांनाही मानवते. कडक थंडी नसल्याने तेथे वर्षभर गोचिडांचा उपद्रव संभवतो. शहरी घरांत श्वानासोबत शोभिवंत माशांची पेटीही अनेकदा आढळते. श्वानाला गोचिडांपासून वाचविणारे औषध मात्र माशांसाठी प्राणघातक ठरू शकते. दोन्ही प्राण्यांची जबाबदारी एकत्रितपणे पार पाडण्यासाठी ही बाब समजून घेणे आवश्यक आहे.

गोचिडांचे जीवनचक्र

श्वानांवर प्रामुख्याने तपकिरी गोचीड आढळते. रक्त पिऊन फुगलेली मादी श्वानाच्या अंगावरून खाली उतरते आणि भिंतींच्या भेगा, फरशीच्या सांधी व अंथरुणाच्या कडांत हजारो अंडी घालते. त्यामुळे दिसणाऱ्या गोचिडांपेक्षा न दिसणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक असते. ही गोचीड एर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस या रोगांचा प्रसार करते. ताप, चारापाणी सोडणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे किंवा गडद रंगाची लघवी ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घ्यावी.

माशांना धोका का?

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन व परमेथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातील औषधे गोचिडांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. श्वानाचे शरीर त्यांचे विघटन त्वरेने करते. माशांमध्ये ही क्षमता अत्यल्प असून कल्ल्यांद्वारे औषध थेट रक्तात शोषले जाते. परिणामी प्रतिलिटर पाण्यात केवळ एखाद-दोन मायक्रोग्रॅम मात्राही अनेक जातींच्या माशांना घातक ठरते.

हा धोका आकड्यांतून स्पष्ट होतो. १.२५ टक्के डेल्टामेथ्रिनचे २ मि.लि. औषध १ लिटर पाण्यात मिसळल्यास त्या द्रावणात २५ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रिन असते. असे २० लिटर द्रावण १५ × १५ × ३ मीटरच्या, सुमारे ४.४१ लाख लिटर क्षमतेच्या शेततळ्यात गेल्यास प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅमहून अधिक प्रमाण होते. औषधाचा काही भाग गाळाला चिकटत असल्याने प्रत्यक्ष परिणाम कमी होऊ शकतो. तथापि फवारणी पंप शेततळ्यात धुणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. घरातील पेटीत पाणी अवघे ५० ते १०० लिटर असते, त्यामुळे तेथे काही थेंबही पुरेसे ठरतात.

घरातून बाहेर जाणारे पाणी

बंगळुरूतील तलाव एकमेकांशी साखळीने जोडलेले आहेत. शहरातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांतही सोडले जाते. सांडपाणी प्रक्रियेत सर्व रसायने पूर्णतः नष्ट होतातच असे नाही. इंग्लंडमधील २० नद्यांच्या पाण्याचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाळीव प्राण्यांच्या पिसवांवर वापरले जाणारे फिप्रोनिल बहुतांश नमुन्यांत आढळले. शहरातील मोरी आणि गावातील शेततळे यांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

शिफारशी

१. गोचीडनाशकाची निवड व मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावी. जनावरांसाठीचे औषध अंदाजाने श्वानावर वापरू नये. घरात मांजर असल्यास परमेथ्रिन टाळावे. ते मांजरांना विषारी असते.

२. घरात माशांची पेटी असल्यास तोंडावाटे देण्याच्या गोळ्यांचा पर्याय पशुवैद्यकास विचारावा.

३. फवारणी, डिपिंग किंवा मानेवर औषध लावण्याचे काम घराबाहेर, पाणवठ्यापासून दूर करावे. अंग पूर्ण वाळेपर्यंत श्वानास पेटीच्या खोलीत येऊ देऊ नये.

४. घरात फवारणी अटळ असल्यास पेटी घट्ट झाकावी व त्या वेळेपुरता हवेचा पंप बंद ठेवावा. हा पंप खोलीतील हवा थेट पाण्यात सोडतो. खोली हवेशीर केल्यानंतर पंप पुन्हा सुरू करावा.

५. औषध हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत व त्यानंतरच माशांना खाद्य द्यावे.

६. औषध लावल्यानंतर लेबलवरील मुदतीपर्यंत, साधारणतः किमान २ दिवस, श्वानास तळ्यात वा ओढ्यात उतरू देऊ नये.

७. उरलेले द्रावण व पंप धुतलेले पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा शेततळ्यात टाकू नये.

८. श्वानाचे अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्याने धुवावे, भेगा बुजवाव्यात. यामुळे औषधाची गरजच कमी होते.

विषबाधेचा संशय आल्यास

मासे अचानक सैरावैरा पोहू लागणे, तोल जाऊन कडेवर पडणे, पृष्ठभागावर येऊन धापा टाकणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी मासे तत्काळ क्लोरीनमुक्त, त्याच तापमानाच्या पाण्यात हलवावेत. पेटीतील बहुतांश पाणी बदलून गाळणीत सक्रिय कोळसा वापरावा व हवेचा पुरवठा वाढवावा. नळाचे पाणी थेट वापरल्यास त्यातील क्लोरीनमुळे नवी इजा होते. म्हणून क्लोरीनमुक्त केलेला पाण्याचा साठा नेहमी तयार ठेवणे हितावह ठरते.

निष्कर्ष

गोचीड-नियंत्रण टाळणे हा उपाय नव्हे. उपचाराविना श्वान दगावू शकतो. औषध कोठे लावले जाते आणि त्याचे पाणी कोठे जाते, याची दक्षता घेणे हाच खरा उपाय होय. विस्तार कार्यकर्त्यांनी गोचीडनाशकाची माहिती देताना मात्रेइतकाच भर उरलेल्या द्रावणाच्या विल्हेवाटीवर दिल्यास श्वान व मासे दोन्ही सुरक्षित राहतील आणि शेततळ्यातील मत्स्यपालनाचे संभाव्य नुकसानही टळेल.