चौघींसाठी मुंबईत खोली

अगं, तू पाठवलेली हॉटेलांची यादी बघितली. खोल्यांचे फोटो छानच आहेत, पांढऱ्या चादरी, उशांवर घडी घातलेले टॉवेल. पण एकाही नावापुढे तू हे लिहिलेलं नाहीस की स्टेशनातून बाहेर पडल्यावर तिथपर्यंत चालत किती वेळ लागतो आणि तो रस्ता रात्री अकराला कसा असतो. मुंबईत खोली शोधताना मी सगळ्यात आधी तेच बघते. दिवसभर तुम्ही बाहेरच असणार. लालबागला रांगेत, गिरगावात चाळींचे गणपती बघत, दादरला साड्यांच्या दुकानांत. खोलीवर परत याल तेव्हा पाय दुखत असतील, हातात पिशव्या असतील, फोनची बॅटरी संपत आलेली असेल. त्या वेळी दुकानं उघडी असलेला, बायामाणसांची ये-जा असलेला दहा मिनिटांचा रस्ता आणि पुलाखालून जाणारा अंधारा दहा मिनिटांचा रस्ता यांत फार फरक असतो. तो फोटोत दिसत नाही.

आणि एक आधीच बोलून टाकते, म्हणजे तुझ्या मनात राहायला नको. आमच्याकडे उतरा असं मला म्हणता येत नाही याचं वाईट वाटतं. पण आमची परळची खोली तू पाहिली आहेस. सासूबाईंचा पलंग, धाकट्याचं दहावीचं वर्ष, संडास अजून मजल्यावर सगळ्यांना मिळून. तुम्ही रात्री एकला दर्शन घेऊन आलात की अख्खा मजला जागा होणार. जेवायला मात्र एक दिवस यायचंच, चौघींनी.

माझं मत विचारशील तर दादर. तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार, ती दादरला थांबतेच. मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वे तिथे भेटतात, आणि भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी ही सगळी स्थानकं त्याच एका मार्गावर आहेत. त्यामुळे दादरला सामान टाकलं की सिद्धिविनायक, गिरगाव, फोर्ट असं कुठेही गर्दीच्या लोकलमध्ये न शिरता जाता येतं. शिवाय दादर उशिरापर्यंत जागं असतं. सेनापती बापट मार्गाच्या बाजूला फुलांचा बाजार तर उजाडायच्या आधीच भरतो. पहाटे झेंडूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन धावणाऱ्या माणसांमधून बाईमाणूस निर्धास्त चालत जातं. बाबा सांगतील तो फलाट क्रमांक धरून मात्र चालू नकोस. डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट एक ते चौदा असे सलग मोजतात, पहिले सात पश्चिम रेल्वेचे आणि पुढचे सात मध्य रेल्वेचे. जुन्या लोकांचा 'एक नंबर' अजून जुन्याच हिशेबाचा असतो.

दादरमध्येही पत्ता नीट वाच. जाहिरातीत 'दादर' असतं आणि हॉटेल निघतं नायगावच्या आत, नाहीतर प्रभादेवीच्या पलीकडच्या टोकाला. हॉटेल पूर्वेला आहे की पश्चिमेला, हा पहिला प्रश्न. मध्ये रूळ आहेत, त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर प्रत्यक्षात पूल चढून-उतरून जावं लागतं, तेही बॅगा घेऊन. नकाशात 'चालत' हा पर्याय निवडून वेळ बघ. टॅक्सीचंही तसंच. परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला, तेव्हापासून इकडचं तिकडे जायला टॅक्सी टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा वळसा घेते. आणि सांगलीसारखी हात दाखवला की रिक्षा, हे इथे विसर. रिक्षा माहीम-सायनपर्यंतच येतात, त्याच्या खाली काळी-पिवळी, बेस्टची बस आणि आपले पाय.

लालबागच्या राजासाठी येताय म्हणून लालबागमध्येच खोली घ्यावी असं तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं आहे. तिला सांग, नको. त्या दहा दिवसांत तिथले रस्ते गाड्यांना बंद होतात, टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि रात्रभर ढोल चालू असतो. हा आमचा आनंद आहे, मी त्यातच वाढवते आहे मुलांना, पण पाहुण्याला चार तास तरी झोप हवी. दादरहून मध्य रेल्वेची धीमी गाडी धरायची, परळनंतरचं करी रोड, त्याच्या पुढचं चिंचपोकळी. राजा १९३४ पासूनचा, गणेश गल्लीतला मुंबईचा राजा १९२८ चा, चिंचपोकळीचा चिंतामणी तर १९२० चा, आणि तिघंही चालण्याच्या टप्प्यात. राजाची नवसाची रांग धरलीत तर तुमचा पूर्ण दिवस तिथेच जाईल. मुखदर्शनाची रांग धरा. शनिवार-रविवार टाळा आणि पहाटे या. अनंत चतुर्दशीला येणार असाल तर गिरगावात खोली घेऊ नका, चौपाटीच्या आजूबाजूला सामान घेऊन हलताच येत नाही. दादरला ६ डिसेंबरच्या आसपास कधी यायचं झालं तर तेही लक्षात ठेव. चैत्यभूमीला लाखो लोक येतात, गावोगावहून, पोराबाळांसकट. त्या दिवसांत तिथल्या खोल्या त्यांना लागतात.

आता परळ. इथलं मी रोज बघते म्हणून जरा आवाज चढवूनच सांगते. परळला तुला स्वस्तातल्या खोल्या दिसतील, खास करून टाटा आणि केईएम इस्पितळांच्या आजूबाजूला. त्या घेऊ नकोस. केईएम १९२६ चं, टाटा १९४१ चं, शेजारी वाडियाचं लहान मुलांचं इस्पितळ. बिहारपासून आसामपर्यंतची माणसं इथे केमो घ्यायला येतात आणि महिनोन् महिने राहतात. टाटाच्या समोर फुटपाथवर पथारी टाकून, सलाईनची सुई हाताला तशीच ठेवून झोपलेली माणसं मी भाजी आणायला जाताना ओलांडते. दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, ती रुग्णांचा आणि त्यांच्या माणसांचा आधार आहे. स्वस्त पडेल म्हणून कुणी तुम्हाला तिथे विचारायला सांगितलं तर जाऊ नका. आपल्याला दोन रात्रींची हौस आहे, त्यांना पुढच्या तारखेपर्यंत डोक्यावर छप्पर हवं आहे. हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि लोअर परळचं तर तुम्ही नावच काढू नका. फिनिक्स मिलच्या जागेवर आता पंचतारांकित हॉटेल आणि मॉल आहे, ते आपल्या खिशाचं काम नाही.

मावशी 'लॉजवर पोरी राहणार?' म्हणून कुरकुरली, ते तू सांगितलंस. तिच्यावर रागावू नकोस. तिच्या पिढीला त्या शब्दाची धास्ती वाटते याला कारण आहे. गिरणगावात गावांच्या सामाईक खोल्या असायच्या, धोबीतलावला जेर महालात गोव्याच्या लोकांचे कूड, म्हणजे तशाच सामाईक खोल्या होत्या, खानावळी होत्या. पण ती सोय पुरुषांची. मुंबईत बाईला उतरायचं तर नातेवाइकाचं घर, नाही मिळालं तर मुंबईच नाही. तिला सांग, लोकमान्य टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरायचे, ते उतारूंसाठीचं गृहच होतं, आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. उतरायची जागा चांगली असली की चांगलीच असते. तिला खोलीचा पत्ता आणि काउंटरचा नंबर लिहून दे. तिची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

गिरगावात जुन्या वळणाचं माधवाश्रम आहे, मराठी माणसाला ते घरच्यासारखं वाटतं. निव्वळ बायकांचा गट म्हणून मॅडम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं अतिथीगृहही विचारून बघ. तिथे लवकर विचारावं लागतं, पण तुझ्या मावशीचं समाधान होईल अशी ती जागा आहे. एखादी मैत्रीण एकाच रात्रीसाठी येणार असेल तर मुंबई सेंट्रल स्टेशनात २०२१ पासून पॉड आहेत, एकेका माणसाची झोपायची कुपी, बायकांसाठी वेगळी. चौघींना मात्र त्यात मजा नाही. गप्पा कुठे मारणार?

यादीतून दोन नावं ठरली की ॲपवर पैसे भरायच्या आधी तिथे फोन कर. फोन स्वतः कर, भावाला करायला लावू नकोस. 'चार मुली आहोत' म्हटल्यावर समोरचा कसा बोलतो हे तुझ्या कानांनी ऐकलेलं बरं. नंबर हॉटेलच्याच पानावरचा घे. इंटरनेटवर हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून ॲडव्हान्स मागणारे लोक आहेत. फोनवर घाई करून क्यूआर कोड पाठवला की समज आणि ठेवून दे.

विचारायचं काय, तर चौघींना एका खोलीत कोंबणार की दोन खोल्या देणार. एका खोलीत दोन गाद्या जास्तीच्या टाकल्या की बाथरूमला जायला वाट राहत नाही, आणि सकाळी एका बाथरूमवर चौघी म्हणजे नऊची गाडी अकराची होते. दोन खोल्या घ्या, पण एकाच मजल्यावर आणि शेजारी-शेजारी, हे कबूल करून घे. पाणी दिवसभर असतं की सकाळी ठरावीक वेळी, हेही विचार. जुन्या इमारतींत हा प्रश्न मोठा असतो. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? महालक्ष्मी सकाळी पोचते आणि खोली दुपारी मिळते, असं असेल तर बॅगा आधी ठेवून घेतील का? आणि रात्री दार किती वाजेपर्यंत उघडं असतं? लोकल रात्री एकच्या सुमाराला थांबते आणि पहाटे चारच्या आसपास सुरू होते. मधल्या वेळात दारावर कुणी हवं.

अजून एक. तुमच्यातली ठाण्याला नोकरी करणारी आहे ना, तिच्या आधारवर ठाण्याचा पत्ता असेल. काही ठिकाणी मुंबई-ठाण्याचा पत्ता दिसला की 'लोकल आयडी चालत नाही' म्हणून काउंटरवरून परत पाठवतात. असा कुठलाही कायदा नाही, पण रात्री बॅगा घेऊन कायदा सांगत बसायचं त्राण कुणात असतं? माझ्या एका मैत्रिणीला याच कारणावरून भर पावसात दुसरी जागा शोधावी लागली, पैसे भरलेले असताना. तेव्हा फोनवरच स्वच्छ विचार आणि जो 'चालेल' म्हणतो त्याचं नाव लिहून घे.

पैशांचं सोपं आहे. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, आधी बारा होता. म्हणजे खोली तीन हजारांची असेल तर वर दीडशे, त्याहून जास्त कर लावला तर बिल मागून विचार. गणपतीत भाव चढलेले असतात, ते गृहीत धर. म्हणून महिना-दीड महिना आधी ठरवलेलं बरं.

पोचल्यावर काउंटरवर जाड रजिस्टर पुढे करतील. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, सही. चौघींनी आपापलं ओळखपत्र मूळ स्वरूपात ठेवायचं. प्रत द्यावीच लागली तर मास्क केलेल्या आधारची, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. किल्ली घ्यायच्या आधी वर जाऊन खोली बघायची, यात संकोच कसला. दाराची आतली कडी ओढून बघ, नुसतं लॅच पुरत नाही. बाथरूमचं दार लागतं का बघ. खिडकी कुठे उघडते बघ. रस्त्यावर उघडणारी खिडकी आवाजाची असते, पण भिंतीच्या बोळात उघडणारीपेक्षा मला ती बरी वाटते, हवा येते आणि सकाळ झाल्याचं कळतं. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर ते पलीकडून कुणाला उघडता येतं का, विचार. मनाला नाही पटलं तर 'दुसरी दाखवा' म्हण, हसून म्हण पण म्हण. ११२ आणि मुंबई पोलिसांचा बायकांसाठीचा १०३, दोन्ही चौघींच्या फोनमध्ये घालून ठेवा.

खाण्याची चिंता करू नकोस. दादरला स्टेशनजवळ मामा काणे, पुढे आस्वाद, शिवाजी पार्कला प्रकाश, म्हणून नाश्ता-जेवणासकटची खोली मुद्दाम घ्यायला नको, ते पैसे इकडे कामी येतील.

तर आता मैत्रिणींना विचारून तारखा पक्क्या कर, शुक्रवारपर्यंत दोन नावं मला पाठव. पुढच्या रविवारी मला दादरला जायचंच आहे, दोन्हीकडे जाऊन खोल्या बघून येते, जिना, कडी, पाणी सगळं, आणि संध्याकाळी उशिरा तोच रस्ता स्टेशनपर्यंत चालून बघते. मग पैसे भर.