पैठणची गारगोटी आणि रोमची अंगठी

(द्वितीय वर्ष, कला)

पैठण म्हटले की आपणांस नाथमहाराज आठवतात आणि त्यापाठोपाठ पैठणी आठवते. इतिहास विषय घेतलेल्यांना सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान आठवेल. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून भारताच्या किनाऱ्याला लागणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांना पैठण ठाऊक होते ते एका दगडामुळे. तो दगड म्हणजे ऑनिक्स. प्राचीन भारताच्या व्यापारावर प्रश्न आला की आपण निर्यातीच्या यादीत 'मलमल, मिरी, हस्तिदंत, मौल्यवान दगड' असे लिहून मोकळे होतो. या यादीतल्या शेवटच्या दोन शब्दांत किती माणसांची मेहनत गाडली गेली आहे, ते पाहावे म्हणून हा लेख.

'पेरिप्लस' हे त्या काळच्या सागरी व्यापाराचे एक प्रकारचे वाटाडे पुस्तक आहे. लेखकाचे नाव अज्ञात आहे. तो ग्रीक भाषेत लिहिणारा आणि इजिप्तमधून व्यापार करणारा माणूस असावा, असे विद्वान मानतात. तो सांगतो की बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेरहून कापड येते आणि पैठणहून ऑनिक्स मोठ्या प्रमाणात येतो. हा सर्व माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात, असेही तो नोंदवतो. उज्जैनकडूनही ऑनिक्स भडोचला उतरत असे.

येथे एक शंका सहज येते. नाणेघाट उतरून कल्याण गाठायचे सोडून गाड्या इतक्या लांब भडोचला का जात होत्या? उत्तर त्याच पुस्तकात आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर चालणारे बंदर होते, पण नंतर सत्ता बदलली आणि तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा हा परिणाम, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. राजे भांडले आणि गाडीवानाची वाट वाढली! आपल्या महाविद्यालयात ज्यांच्या घरची माणसे गाडी-बैल घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना वीस दिवस गाडीवर काढणे म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही. पुस्तकात राजांचा उल्लेख आहे, बंदरांचा आहे, मालाचा आहे. गाडीवानाचा नाही.

आता मूळ दगडाकडे वळू. ऑनिक्स हा काही हिऱ्यासारखा दुर्मिळ पदार्थ नव्हे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो सिलिका आहे, म्हणजे नदीच्या वाळूत जे असते तेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या तयार झाल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका या पोकळ्यांत आली आणि अतिशय सूक्ष्म कणांच्या रूपाने थराथराने साठत गेली. अशा सिलिकेला कॅल्सेडनी म्हणतात. थर पोकळीच्या भिंतीला धरून वाकडे गोलाकार बसले तर तो अकीक. थर सरळ, एकमेकांना समांतर असले तर तो ऑनिक्स. काळ्या-पांढऱ्याऐवजी तांबूस-तपकिरी पट्टे असतील तर त्याला सार्डोनिक्स म्हणतात. म्हणजे अकीक आणि ऑनिक्स ही एकाच घरातली भावंडे आहेत.

आमच्या भागात विहीर खोदताना मुरूम संपून मांजऱ्या खडक लागला की त्यात पांढरे, राखी, कधी निळसर गोटे निघतात. माझे वडील कित्येक वर्षे विहिरींच्या कामावर जात होते. त्यांना या गोट्यांचा फक्त त्रासच ठाऊक. पहारीला दाद देत नाहीत, आणि फुटले तर त्याची कपची काचेसारखी पाय कापते. सगळे उचलून बांधावर टाकून द्यायचे. गार किंवा गारगोटी यापलीकडे त्याला आमच्याकडे नाव नाही. चकमकीची ठिणगी पाडायला ती उपयोगी पडे, एवढीच तिची पत.

पाय कापणारी ही कपची मात्र एके काळी याच माणसांच्या पूर्वजांचे हत्यार होती. प्रवरेकाठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून उत्खनन झाले. तेथे आणि जोर्वे, दायमाबाद, इनामगाव येथे कॅल्सेडनीची लांब, धारदार पाती विपुल सापडली आहेत. तांबे महाग आणि थोडे होते, म्हणून इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराचा हा शेतकरी आपली बरीचशी कामे गारेच्या पात्यांनी भागवीत असे. गारेचे मणीही तो वापरत होता. म्हणजे सातवाहन आले तेव्हा गोदावरीच्या खोऱ्यातील माणसाला हा दगड कसा फोडायचा आणि त्याला कसे वळवायचे, हे हजार-दीड हजार वर्षांपासून माहीत होते. राजाने हे ज्ञान दिले नाही, राजाने फक्त जकात घेतली, असे माझे मत आहे. गुरुजनांना ते पटेल की नाही, कोण जाणे.

रोममध्ये या दगडाला एवढी मागणी का होती? पहिले कारण मोहोर. त्या काळी सहीऐवजी अंगठीतील कोरीव खड्याचा ठसा मेणावर उठवीत. सार्डोनिक्सला मेण चिकटत नाही, असे प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. दुसरे कारण त्याचे थर. वर पांढरा आणि खाली गडद थर असलेला दगड घेऊन पांढऱ्या थरात आकृती कोरायची आणि भोवतीचा पांढरा भाग खरवडून टाकायचा. गडद पार्श्वभूमीवर दुधासारखी पांढरी प्रतिमा उठून दिसते. या कामाला कॅमिओ म्हणतात. व्हिएन्ना येथील संग्रहालयात 'जेम्मा ऑगस्टिया' या नावाने प्रसिद्ध असलेला असा एक ऑनिक्स आहे. तो सुमारे १९ सेंटिमीटर उंच आणि २३ सेंटिमीटर रुंद असून त्यावर सम्राट ऑगस्टस देवतांच्या मेळाव्यात बसलेला कोरला आहे. हा दगड पैठणचाच, असे म्हणायला काही आधार नाही, आणि प्रांताभिमानाने आपण तसे म्हणू नये.

प्लिनीने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. हा प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. तो लिहितो की भारतात हे दगड पाण्याच्या लोंढ्यांमुळे उघडे पडतात. तेथील लोकांना त्याचे विशेष अप्रूप नाही, सामान्य माणसे त्याला भोके पाडून गळ्यात घालतात, आणि दगडाला भोक असणे हीच तो भारतीय असल्याची खूण समजली जाते. मला या मजकुरात सर्वांत मोलाचा शब्द 'सामान्य माणसे' हा वाटतो. जो मणी इकडे कुणी बाई साध्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत होती, तोच तिकडे सोन्यात बसत होता. मधे वीस दिवसांची गाडीवाट आणि एक समुद्र, एवढाच फरक.

नावांच्या बाबतीत बाजारात फार गोंधळ आहे, त्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नख. नखाच्या फिकट पट्ट्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे पट्ट्यांच्या दगडाला जवाहीर लोक सुलेमानी म्हणतात. काही जण ऑनिक्सला गोमेद म्हणतात, पण ज्योतिषी राहूसाठी जो मधाच्या रंगाचा गोमेद सांगतात तो अगदी निराळा, गार्नेटच्या जातीचा खडा आहे. त्याहून मोठी गंमत म्हणजे बंगल्यातल्या फरशा, दिव्यांची घरे, फुलदाण्या ज्या 'ऑनिक्स'च्या असतात, तो मुळात ऑनिक्सच नव्हे. तो पट्टेदार कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचा भाऊ. पाकिस्तान आणि मेक्सिकोतून असा दगड पुष्कळ येतो. बार्सिलोना येथील १९२९ च्या प्रदर्शनात मीस व्हान डेर रोह या वास्तुशिल्पज्ञाने ज्या ऑनिक्सची भिंत उभारली, तोही याच जातीचा. दिसायला तो देखणा असतो, उजेड त्यातून पाझरतो. परंतु तो चाकूने ओरखडतो आणि सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. खऱ्या ऑनिक्सवर चाकूच घासला जाईल.

आणि अंगठीतला तो काळाभोर ऑनिक्स? तो बहुधा रंगवलेला असतो. दगड साखरेच्या पाण्यात बरेच दिवस भिजत ठेवतात आणि मग गंधकाम्लात टाकतात. आम्ल साखरेला जाळून तिचा कोळसा करते आणि तो दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत कायमचा बसतो. ज्या थरांत छिद्रे असतात ते काळे होतात, जे घट्ट असतात ते पांढरेच राहतात, म्हणून पट्टे ठसठशीत उठतात. याला फसवणूक म्हणावे असे मला वाटत नाही, दगड खराच असतो. प्लिनीच्या ग्रंथातही दगड मधात उकळण्याचा उल्लेख आहे. मात्र 'नैसर्गिक काळा' म्हणून जास्त पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत.

पैठणचा हा उद्योग केव्हाच बुडाला. तेरला कै. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुने मणी पाहायला मिळतात. जिवंत परंपरा पाहायची तर गुजरातेत खंबायतला जावे लागते. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून तेथे अकीक येतो. खाणीजवळ बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे आणि हा धंदा त्यांनीच वाढवला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. आतल्या लोहामुळे पिवळट दगड लाल होतो. मग कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतो आणि वरून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने टिचक्या मारतो. घाव हातोडीचा, पण कपची उडते ती खालच्या टोकाने. नंतर घासणे, आणि हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने दोन्ही बाजूंनी भोक पाडणे. जवळच्या लोथल येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील मण्यांचा कारखाना सापडला आहे, तेव्हा ही विद्या त्या परिसरात चार हजार वर्षांची आहे.

या विद्येची किंमत कारागीर छातीने भरतो. घासताना उडणारी सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तेथे गाठी धरते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर रोग बरा करणारे औषध नाही आणि क्षयाला तो लवकर आमंत्रण देतो. घासायला विजेवरची चाके आल्यापासून धूळ अधिकच उडते. काम घरातच चालते, त्यामुळे चाकावर न बसणारी बायका-मुलेही तीच हवा घेतात, आणि कारखान्यांचे कायदे घराच्या उंबऱ्याशी थांबतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी केली आहे. चाकावर पाण्याची धार धरणे, धूळ ओढून घेणारे नळकांडे बसवणे, हे उपाय माहीत असलेलेच आहेत. मण्याच्या किमतीतला कारागिराचा वाटा इतका थोडा असतो की नळकांड्याचा खर्च त्याला पेलत नाही.

पैठणच्या त्या कारागिरांच्या छातीचे काय झाले, हे कोणत्याही ग्रीक किंवा रोमन ग्रंथात लिहिलेले नाही. परंतु सिलिका तीच होती.

जाता जाता एक विनंती. आपल्या महाविद्यालयात विहिरी, पाझर तलाव, कालवे यांच्या कामांवर जाणाऱ्या घरांतली मुले-मुली पुष्कळ आहेत. पट्टेदार गोटा निघाला तर तो बांधावर न टाकता इतिहास विभागात आणावा. बरोबर गावाचे नाव, शेताचा गट नंबर, किती हातांवर निघाला आणि कोणी काढला, एवढे चार शब्द कागदावर लिहून आणावेत. काढणाऱ्याचे नाव विसरू नये.