सिमकार्डालाही कुलूप हवं

चि. मुक्ता,


पहिला पगार झाला, डेबिट कार्डही आलं, असं ताई म्हणाली. फार आनंद झाला. बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्या मामाचं आता थोडं ऐक.

कार्डावरचा सोनेरी चौकोन नीट बघ. त्याखाली नखाहून लहान चिप आहे. कार्डामागची काळी पट्टी नुसती माहिती धरून ठेवते. ती एकदा यंत्रातून ओढली की दुसऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरवता येते. चिपचं तसं नाही. तिच्यातली गुप्त किल्ली बाहेर येतच नाही. दर व्यवहाराला चिप त्या किल्लीने नवा संकेत तयार करते आणि बँक तो तपासते. कालचा संकेत आज चालत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डं 2018 अखेरपर्यंत बदलायला लावली. तेव्हा दुकानदार कार्ड ओढायला लागला तर सरळ सांग, चिप घाला. हॉटेलात कार्ड वेटरच्या हाती देऊ नकोस, मशीन टेबलाशी मागव.

टॅप केलं की 5000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये टॅप, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. नको ते बंदच ठेव. मेट्रोच्या कार्डातले पैसे मात्र कार्डातच असतात. म्हणून त्यात लागतील तेवढेच भर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. तुझ्या फोनमधलं सिम हेही असंच चिपचं कार्ड आहे. सुरुवातीची सिम एटीएम कार्डाएवढी असत. प्लास्टिक कमी होत होत आता जवळजवळ चिपच उरली. तिच्यातही गुप्त किल्ली असते आणि तिच्यावरूनच नेटवर्क तुला ओळखतं. फोनला अंगठ्याचं लॉक आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. लोकलमध्ये फोन चोरीला गेला, तर चोर सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो. नेटवर्कच्या लेखी तो फोन तुझाच. बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात.

यावर उपाय फोनच्या सेटिंगमध्येच आहे: सिम लॉक. ते चालू करताना फोन आधी कंपनीचा मूळ पिन मागतो. तो कंपनीकडून विचारून घे, अंदाजाने टाकू नकोस. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि कंपनीचा पीयूके क्रमांक लागतो. तोही दहादा चुकला की सिम कायमचं निकामी. मूळ पिन टाकून झाला की स्वतःचा पिन ठेव. जन्मतारीख नको, एटीएमचा पिन तर नकोच. पुढे फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये गेलं, की आधी पिन विचारला जाईल. एवढ्या सोप्या गोष्टीकडे शिकलेली माणसंही बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आजूबाजूच्यांना रेंज आहे आणि तुझीच बराच वेळ गेली, तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला विचार. तुझ्या नावाने कुणी नवं सिम काढलं असू शकतं. पैसे गेलेच तर 1930 ला फोन कर आणि त्याच दिवशी बँकेला कळव. ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही.

आज रात्रीच सिमचा पिन लाव. पुढच्या रविवारी घरी येशील तेव्हा ताईच्या फोनलाही लावून दे.

तुझा,
मामा