मायेच्या हातची नळी

नाशिकहून सावळघाटामार्गे गुजरातच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या आमच्या पेठ तालुक्यात, जेथे उन्हाळ्यात राब भाजावा, पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची आणि नागलीची आवणी करावी आणि सुगी आटोपल्यावर घरातील कर्त्या माणसांनी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जावे असा वर्षाचा परिपाठ आहे, तेथे कातडीचा वर्ण हा घराघरांत चिंतेचा विषय होऊन बसावा, याचे एखाद्या परस्थास नवल वाटेल. मला ते वाटत नाही. या चिंतेची झळ मी स्वतः सोसलेली आहे, आणि ज्या मुलींना आज मी आश्रमशाळेत शिकवते त्यांच्यापैकी काहींच्या गालांवर तिची चिन्हे मला वर्गात उभे राहिल्या राहिल्या दिसतात.

आम्ही कोकणा. आजीच्या पिढीतील सोयरिकींच्या ज्या हकिकती मी चुलीपाशी बसून ऐकल्या, त्यांत मुलीच्या अंगी आवणीचा उरक किती, दळणकांडण आणि पाणी वाहणे तिला झेपेल काय, आणि देज किती ठरले (कारण आमच्यात द्रव्य वरपक्षाने द्यावयाचे असे) यांची चर्चा तपशीलवार असे; वर्णाचा उल्लेख क्वचित येई, आणि आला तरी माणूस ओळखण्याची खूण म्हणून. यावरून जुना काळ निर्मळ होता असे अनुमान कोणी काढू नये. त्या काळाचे जाच निराळे होते. परंतु वर्णाची नोंद करावयाचा रकाना आमच्या दप्तरात नव्हता. तो शहरातून आला, आणि ज्या कागदावरून आला त्यास हल्ली सारे बायोडाटा म्हणतात. जन्मतारीख, उंची, शिक्षण, मामाचे गाव, आणि या साऱ्यांच्या मधोमध ‘वर्ण’. त्यापुढे ‘सावळा’ लिहिताना हात कचरतो, ‘गोरा’ लिहावे तर लबाडी उघडी पडते, म्हणून ‘निमगोरा’ किंवा ‘गव्हाळ’ अशी तडजोड करण्यात येते. तहसील कचेरीत खोटा दाखला रुजू करताना जो संकोच वाटावा, तो येथे कोणालाच वाटत नाही.

माझा असा कागद तयार झाला तेव्हा मी नुकतीच नोकरीस लागले होते. नाशिकला राहणारी माझी मावशी, जिने माझ्या शिक्षणासाठी पदरचे पैसे खर्चले होते आणि जिच्या प्रेमाविषयी मला आजही तिळमात्र शंका नाही, एक लहानशी नळी घेऊन घरी आली आणि म्हणाली, “रोज रात्री हलक्या हाताने लावत जा गं. माझ्या जावेच्या मुलीला महिन्याभरात फरक पडला. पाहुणे येईपर्यंत चेहरा कसा उजळतो बघ.” वर्णाचा दुराग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टोमणे आणि अपमान उभे राहतात, आपल्या घरांत मात्र तो बहुधा मायेचे रूप घेऊन येतो. गर्भार सुनेला केशराचे दूध देणारी सासू, तान्ह्या नातीला साय आणि डाळीचे पीठ चोळणारी आजी, ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ असे सांगणारी आई, यांपैकी कोणीही दुष्ट नसते. अपमान करणाऱ्यास उलट उत्तर देता येते. ज्याला आपल्या हिताची तळमळ आहे त्याला नाही म्हणणे फार अवघड, आणि हे अवघड काम पुढच्या मुलींना थोडे सोपे व्हावे यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

पहिले काही आठवडे मावशीचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. चेहरा उजळला, मुरुमांचे डाग फिके झाले, शाळेतील सहकारी बायका नळीचे नाव विचारू लागल्या. त्यानंतर गाल सदैव आरक्त राहू लागले, त्यांवर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागले, हनुवटीवर लव वाढली, पुटकुळ्या आल्या, आणि ज्या उन्हात मी लहानपणी दिवसभर शेरडांमागे हिंडले होते त्याच उन्हात शाळेपर्यंत चालणेही दाहाने असह्य झाले. नळी बंद करावी तर चेहरा सुजून त्याची आग होई; पुन्हा लावावी तर शमे. जो पदार्थ विकार उत्पन्न करीत होता तोच त्यावरचा तात्पुरता इलाजही होऊन बसला होता. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, आणि मुलीच्या चेहऱ्यावर काही विकार दिसतो म्हणून त्यांनी नकार कळविला.

नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी औषध लिहून देण्याआधी मला नळीवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचावयास लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. वांगासारख्या विकारावर, थोड्या मुदतीपुरते आणि वैद्याच्या देखरेखीखाली, हे मिश्रण न्याय्य औषध आहे. निरोगी चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळले असता त्यातील स्टेरॉइड प्रथम रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि रंगद्रव्य दाबून उजळपणाचा आभास निर्माण करते आणि मग कातडीच पातळ करून टाकते, तर हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने काहींच्या चेहऱ्यावर निळसर-काळे, सहसा न जाणारे डाग उमटतात. गोरेपणाच्या हव्यासाचे याहून क्रूर विडंबन मला ठाऊक नाही. ही अवस्था आपल्या देशात इतकी पसरली आहे की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी तिला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे स्वतंत्र नावच दिले. मला बरे होण्यास फार काळ लागला, आणि त्या काळात धीराखेरीज दुसरे औषध जवळजवळ नव्हते.

म्हणून प्रथम ताकीद ही की, ज्या मुलीच्या हाती अशी नळी आधीच आलेली आहे आणि ती बरेच दिवस वापरात आहे, तिने हे वाचून घाबरून ती एकाएकी फेकून देऊ नये. नळी व तिचे वेष्टन बरोबर घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे आणि ती कशी सोडावयाची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. जिच्या हाती ती अजून आलेली नाही तिने घटकांची नावे वाचावीत: बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन अशी अखेरीस ‘सोन’ असलेली, किंवा क्लोबेटासोल, यांपैकी एक जरी आढळले तरी ते प्रसाधन नव्हे, औषध आहे. बाह्य उपयोगाची म्हणून ही मलमे पूर्वी कायद्याच्या कचाट्यातून निसटत असत. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडांना अनुसूची ‘एच’खाली आणून चिठ्ठीवाचून त्यांची विक्री निषिद्ध केली. हुकूम दिल्लीत निघतो आणि मेडिकलच्या फळीपर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होतो, हा आपला जुना अनुभव आहे. तेव्हा दुकानदार चिठ्ठी मागत नसेल तर ती त्याची कृपा समजू नये. पावती मागावी, आणि ती देण्यास तो खळखळ करीत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करण्याची मुभा प्रत्येकास आहे.

नळीवर निदान नावे तरी असतात. ब्यूटी पार्लरमधून किंवा ओळखीच्या बाईकडून मिळणाऱ्या, काहीच न लिहिलेल्या डब्या याहून भयंकर. अकोल्यातील एका घरात आई आणि दोन मुली अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता संशय चेहऱ्याच्या क्रीमवर येऊन ठेपला. त्यात पारा होता, ही हकिकत २०२३ साली वृत्तपत्रांत आली. पारा रंगद्रव्य निर्माण होऊ देत नाही म्हणून कातडी उजळते, आणि तोच पारा कातडीतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात जातो. पायांवर सूज आणि लघवीला फेस ही चिन्हे दिसली तर डबी घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा, आणि चेहऱ्याचा व मूत्रपिंडाचा काय संबंध असे म्हणून क्रीमची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

या सर्व व्यापारामागे मोठे भांडवल आहे हे उघड आहे. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले आणि २०२० साली त्याचे ‘ग्लो अँड लव्हली’ असे नामांतर झाले. मधल्या ४५ वर्षांत मुलगी गोरी होताच तिला नोकरी आणि नवरा मिळतो असे जाहिरातींनी दोन पिढ्यांना शिकविले. तथापि सारा दोष जाहिरातदारांवर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. १९७७ साली जब्बार पटेलांनी ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर समाजाची नायिका उभी केली तेव्हा स्मिता पाटील यांचा सावळा वर्ण पडद्यावर कोणाला खुपला नाही, पुढे २०१९ साली, सावळ्या स्त्रीचीच कैफियत मांडणारी ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका आली, तेव्हा तिच्या नायिकेला सावळी करण्यासाठी रंगभूषेचा आश्रय घेण्यात आला, आणि आपण ती वर्षानुवर्षे आवडीने पाहिली.

आणि शाळा? स्नेहसंमेलनात भारतमाता कोणाला करावयाचे, पाहुण्यांना ओवाळण्यास कोणाला पुढे उभे करावयाचे, नाचाच्या पहिल्या रांगेत कोण, हे निर्णय आम्ही शिक्षक मंडळी ज्या सहजतेने करतो, त्या सहजतेचे परीक्षण कोणी करीत नाही. मी विज्ञान शिकवते. साऱ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, भेद त्या पेशी किती आणि कोणत्या प्रतीचे मेलॅनिन बनवितात एवढाच, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रक्षण करतात ते तेच मेलॅनिन, हा धडा मी फळ्यावर आकृती काढून समजावून देते. परंतु ज्या वर्गात हा धडा दिला त्याच वर्गातून भारतमाता दर वर्षी गोरीच निवडली गेली, तर मुली कोणत्या धड्यावर विश्वास ठेवतील हे सांगावयास नको. आमच्या शाळेत आता ही निवड चिठ्ठ्या टाकून होते. पहिल्या वर्षी काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, एवढे खरे.

राहता राहिली मावशी. तिच्याशी भांडून काही साधत नाही, व्याख्यान दिल्यास तर ती दुखावते. नळी हातात घ्यावी, चष्मा तिलाच लावावयास सांगावा, आणि “मावशी, यात काय काय आहे ते वाच बरं” असे म्हणून तिच्याकडूनच नावे वाचून घ्यावीत. माझ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर केलेला हा प्रयोग मी पुढे अनेक घरांत केला आहे आणि बहुतेक ठिकाणी नळी मुकाट्याने पिशवीत परत गेली आहे. दुसरी तजवीज कागदाची. माझ्या भाचीचा बायोडाटा करावयाची वेळ आली तेव्हा आम्ही तो रकानाच काढून टाकला. एका ठिकाणाहून फोन आला, “वर्ण लिहायचा राहिलाय वाटतं.” माझा भाऊ म्हणाला, “राहिला नाही, लिहिलाच नाही. ती परिचारिका आहे, तिची दिवसपाळी असते. आधी कळवून या.”