या आठवड्याचा अभ्यास : घरधनी अंथरुणावर असताना घरची कामं

॥ श्रीराम समर्थ ॥



मागे एका ताईंनी विचारलं होतं, "यजमानांचा पाय मोडलाय, घरची कामं पडून आहेत, नामाला बसलं तरी चित्त लागत नाही. काय करावं?" त्यावरून हा पाठ लिहायला घेतला. या प्रसंगातून आम्हीही गेलो आहोत, म्हणून आमच्या चुकांसकट सांगतो.

आमचं घर बेळगावातलं, जुनं, मंगलोरी कौलांचं. मागे परडं. मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या आधी कौलं परतायला म्हणून हे शिडीवर चढले आणि शिडी सरकली. घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ६ आठवडे प्लास्टर सांगितलं, पाय जमिनीला टेकवायचा नाही. मुलगा पुण्याला. घरात आम्ही दोघी, ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आणि त्यांची सून. निम्मी कौलं उतरवलेली, हळद-आलं लावायचं राहिलेलं, आणि पाऊस तोंडावर आलेला.

*आमची चूक*

आम्ही सगळंच अंगावर घेतलं. ह्यांनी काही विचारलं की "तुम्ही गप्प पडून राहा, आम्ही बघतो" असं उत्तर. शेजारचे गुरुबंधू मदतीला आले तर "नको, होईल आमचं आम्हाला". आम्हाला वाटत होतं, हीच सेवा. पण आठ दिवसांत आमची चिडचिड सुरू झाली, आणि ह्यांनी बोलणंच टाकलं. ताट तसंच परत यायला लागलं. एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याच्या हाताला काहीतरी दे. रिकामा बसलाय म्हणून कुढतोय."

तेव्हा लक्षात आलं. मोडला होता पाय. घर चालवणारा माणूस तर तसाच होता. आम्ही त्यांचं ओझं कमी करायच्या नादात त्यांचं घरच त्यांच्याकडून काढून घेत होतो. आणि त्या सेवेत आमचा 'मी करते' किती होता, तेही दिसलं.

*कामांचे चार वाटे*

त्या रात्री वही घेऊन तिघं बसलो. सगळी कामं लिहिली आणि चार वाटे केले.

१. *थांबत नाही ते :* कौलं. ती पैसे देऊन जाणत्या माणसांकडून करून घेतली. देखरेखीला तेच गुरुबंधू उभे राहिले. या वेळी हात जोडून "या हो" म्हटलं. मदत घेणं हे देण्यापेक्षा अवघड जातं, हे तेव्हा कळलं.

२. *आम्हाला झेपेल ते :* हळद-आल्याचे दोनच वाफे. वेलांचा मांडव घातला नाही, म्हणून दोडका-कारलं टाकलं नाही. भेंडी आणि गवार लावली, त्यांना मांडव लागत नाही.

३. *बसून होईल ते :* हे ह्यांचं. बियाणं निवडणं, पुड्यांवर नावं घालणं, मजुरांचा हिशोब, फोन, बिलं. सोप्यात पलंगावर पाय उशांवर घेऊन सगळं व्हायचं. कुठली कुंडी कुठे ठेवायची हेसुद्धा तेच सांगायचे, आणि आम्ही ऐकायचो.

४. *पुढच्या वर्षी :* कंपाउंडचा रंग, मागची फरशी. वहीत चक्क रेघ मारली. राहिलेलं काम राहू द्यायलाही मन तयार करावं लागतं.

*काळजी घ्यायच्या गोष्टी*

– पहिले दिवस पाय छातीपेक्षा उंच राहील असा ठेवावा, सूज कमी राहते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बोटं हलवत राहावं.
– प्लास्टर भिजू देऊ नये. खाज आली तरी आत सुई, पट्टी घालू नये.
– बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, दुखणं वाढतच गेलं, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.
– न्हाणीत पक्की खुर्ची ठेवावी. वाटेतली पायपुसणी आणि सतरंज्या काढून टाकाव्यात, कुबडी त्यावर घसरते.
– शिडी १२ फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून ३ फूट लांब हवा, आणि खाली धरायला माणूस हवाच. आमच्याकडे त्या दिवशी तो नव्हता.

*उपासनेचं काय?*

त्या काळात आमचं गुरुवारचं केंद्रात जाणं बंद पडलं, त्याची फार खंत वाटायची. मग दासबोध ह्यांच्या पलंगाशी आणला. २० दशक, २०० समास. रोज रात्री एक. वाचायचे हे, ऐकायच्या आम्ही. बाराव्या दशकाचा पहिला समास आला तेव्हा तिघांनाही हसू आलं. प्रपंच टाकून परमार्थाच्या मागे लागा असं समर्थ सांगतच नाहीत. आधी तो नीट करा म्हणतात. आणि आम्ही वाफे खणताना नाम चुकतंय म्हणून रडत होतो!

प्लास्टर निघालं तरी चालणं सुधारायला पुढे कित्येक आठवडे लागले. अजूनही उतारावर ह्यांचा पाय दुखतो. शिडीवर मात्र आता कोणी एकटं चढत नाही. समास चालूच राहिले. शेवटचा झाला तेव्हा हळद काढायला आली होती.

*या आठवड्याची साधना*

आपल्या घरात कोणी आजारी, वृद्ध किंवा दुखापत झालेलं असेल, तर त्यांच्याकडून आपण काढून घेतलेलं एक काम, बसून होण्यासारखं, त्यांना परत द्यावं. आणि कोणी मदत विचारली तर एकदा तरी "हो" म्हणून बघावं. काय अनुभव आला तो पुढच्या गुरुवारी सांगावा.

॥ श्रीराम समर्थ ॥