उतरंड : घरच्या मडक्यांचा पाठ



हिवरे बाजार घ्या की दुसरे कोणतेही खेडे, जुन्या घराच्या कोपऱ्यात उतरंड असे. तळाशी मोठा डेरा, त्यावर माठ, त्यावर गाडगी. सगळा भार तळाच्यावर.

मुंबईचे कलावंत प्रभाकर कांबळे यांनी हीच उतरंड कलादालनात मांडली. २०२२ साली जर्मनीत बर्लिनला भरलेल्या बाराव्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. अशा कलाकृतीला मांडणशिल्प म्हणतात. हे भिंतीवर टांगलेले चित्र नव्हे. वस्तू जागेवर रचतात आणि पाहणारा भोवती फिरून विचार करतो. कांबळे यांची मडकी जातिव्यवस्था दाखवतात.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण! तो मनोरा समजायला वाचता यावे लागते. उतरंड मात्र निरक्षर आजीलाही उमगते. कलेचे सामर्थ्य ते हेच.

आता स्वतःला विचारा. दीक्षा घेतली त्या दिवशी आपण या उतरंडीतून बाहेर पडलो. मग सोयरीक जुळवताना पोटजात का विचारतो? सून सर्वांच्या मागून का जेवते? बाहेरची उतरंड मोडायची आणि घरातली जपायची, ही सम्यक दृष्टी नव्हे.

अभ्यास : मुलांना चार रिकामी मडकी रचायला सांगा. तळाचे हलले तर काय होईल, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

जयभीम!